दिवा लागला म्हणजे काम झाले असे नाही

संपादक महोदय,

आयटीआयचे प्रवेश सुरू झाले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत इलेक्ट्रिशियन ट्रेडसाठी पालकांची धावपळ सुरू होते. ती रास्तच आहे, कारण दोन वर्षांत हाताला काम देणारे दुसरे शिक्षण फारसे नाही. पण या दोन वर्षांत मुलगा जे शिकून बाहेर पडतो आणि इमारतीत त्याच्यापुढे जे काम येते, त्यांत आता फार अंतर पडले आहे. केंद्राच्या पीएम-सेतू योजनेत देशातल्या १००० शासकीय आयटीआय सुधारायच्या आहेत; २०० मुख्य संस्था आणि त्यांना जोडलेल्या ८००, अशी ६०,००० कोटी रुपयांची ही योजना आहे. खान्देशातल्या ज्या संस्था तिच्यात येतील, तिथला पैसा रंगरंगोटीत आणि डिजिटल फळ्यांत संपण्याआधी कार्यशाळेत काय व्हायला हवे, ते या पत्रातून मांडत आहोत.

आज दुमजली दवाखाना घ्या, मंगल कार्यालय घ्या, नाहीतर केळी पिकवण्याचे चेंबर. भिंतीतल्या एका पाइपातून वीज जाते आणि शेजारच्या पाइपातून कॅमेरा, फायर अलार्म, एसीचा कंट्रोलर, सोलर इन्व्हर्टर, तापमानाचे सेन्सर यांच्या बारीक तारा जातात. वायरमन म्हणतो, बारीक तारा माझ्याकडे नाहीत. सिस्टीम बसवणारा म्हणतो, सप्लाय माझ्याकडे नाही. आणि बिघाड नेमका दोघांच्या मधल्या जोडावर निघतो. आमची मागणी एकच आहे. ही दोन्ही कामे एकाच मुलाला, एकाच भिंतीवर आणि मोजमापासह शिकवा.

मोजमापाची गोष्ट आधी सांगतो, कारण खरे दुखणे तिथेच आहे. वायरिंग झाले, मेन टाकला, दिवा लागला, पंखा फिरला, की काम संपले, ही सवय शिकतानाच लागते. दिवा तर न्यूट्रलऐवजी अर्थला जोडला तरी लागतो. फेज-न्यूट्रल उलटे झाले तरी लागतो, फक्त बटण बंद असताना होल्डर जिवंत राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. अर्थची वायर बोर्डात नुसती लोंबकळत असली तरीही तो लागतोच. टेस्टर लावून पाहिला, लाल पेटला, एवढ्यावर घर ताब्यात देणे म्हणजे ताप हाताने पाहून औषध लिहिणे.

पुरवठा देण्याआधीचा क्रम ठरलेला आहे आणि तो मुलांच्या हाताला पाठ व्हायला हवा. आधी अर्थची सलगता पाहायची. डीबीच्या (घरातल्या वीज वाटपाच्या पेटीच्या) अर्थ बारला लांब वायर लावून प्रत्येक सॉकेटच्या मोठ्या पिनेपर्यंत ओम मोजायचे आणि त्या लांब वायरीचा स्वतःचा रेझिस्टन्स त्यातून वजा करायचा. साध्या घरात उत्तर एक ओमच्या बरेच आत येते. जास्त आले तर कुठेतरी स्क्रू सैल आहे किंवा जोड नुसता पीळ देऊन टेप लावलेला आहे. मग मेगर, म्हणजे वायरीचे इन्सुलेशन मोजणारे यंत्र. सगळी उपकरणे, एलईडीचे ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्टर (जादा दाब अर्थकडे वळवणारे) काढायचे, बटणे चालू ठेवायची, फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधायचे आणि अर्थशी ५०० व्होल्ट डीसीवर मोजायचे. नियमाने किमान १ मेगओम चालतो. पण नव्या, कोरड्या वायरिंगला आकडा शंभराच्या पुढे यायला हवा. नव्या कामात ५ मेगओम आला तर कागदावर ते पास आहे. प्रत्यक्षात पाइपात ओल आहे, कुठे खिळा घासून गेला आहे किंवा वायर ओढताना सोलली आहे. सर्ज प्रोटेक्टर काढायचा राहिला तर तो त्या दाबाला स्वतःच वाहू लागतो, आणि चांगली वायरिंग खराब दिसते. हा फरक ओळखता येणे म्हणजे शिक्षण. तो पुस्तकातून येत नाही, मेगर वीस-पंचवीस वेळा हातात घेतल्यावर येतो.

आता खान्देशच्या जमिनीकडे आणि उन्हाकडे येतो. पुण्या-मुंबईच्या सवयी इथे तशाच चालत नाहीत.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम मोजते. तीच जमीन एप्रिल-मेमध्ये हातभर भेगाळते, माती आकसून अर्थिंगच्या पुरलेल्या पाइपापासून सुटते आणि रेझिस्टन्स कितीतरी पटींनी चढतो. साक्रीच्या पश्चिमेला, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो. तिथे अडीच मीटरचा पाइप पुरा आत जातच नाही. मग अर्धा कापून पुरतात आणि वरून मीठ-कोळसा टाकतात. मीठ दोन पावसाळ्यांत वाहून जाते आणि जाता जाता जीआय पाइपही खाते. खडकाळ जागी आडवी पट्टी लांबवर पुरावी, किंवा एकापेक्षा जास्त इलेक्ट्रोड (अर्थिंगचे पाइप) पुरेशा अंतरावर ठेवून जोडावेत. दोन इलेक्ट्रोडमधले अंतर त्यांच्या लांबीच्या निदान दुप्पट असावे, नाहीतर दुसऱ्याचा उपयोग अर्धाच होतो. आणि मोजायचे ते मे महिन्यात. अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या अर्थ टेस्टरचा बाहेरचा खिळा लांब ठोकायचा, मधला खिळा त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर, आणि मधला थोडा पुढे-मागे सरकवून आकडा स्थिर राहतो का ते पाहायचे. आकडा हलत असेल तर बाहेरचा खिळा जवळ पडला आहे.

बरे, अर्थिंग ५ ओम आले, म्हणजे लोक चांगले समजतात, तरी काय होते? हिशेब साधा आहे. गिझरची फेज बॉडीला लागली तर २३० भागिले ५, म्हणजे जास्तीत जास्त ४६ अँपिअर जमिनीत जातील. ट्रान्सफॉर्मरकडचा अर्थ धरला तर आणखी कमी. १६ अँपिअरचा 'सी' प्रकारचा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तो ४६ अँपिअरला सेकंदामागून सेकंद तसाच उभा राहतो आणि तोवर गिझरची बॉडी जिवंत असते. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, ही चैन नाही. तो आरसीसीबी टेस्टरने तपासायचा: ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत, १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे. त्यावरचे टेस्ट बटण दाबून समाधान मानू नये. ते बटण आतल्या आत करंट वळवते. बाहेर अर्थिंग आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचा कूलर, आत पाण्यात बुडालेला पंप आणि बाहेर दोन तारांची वायर, दोन पिनांचा प्लग. त्या कूलरला अर्थ पोहोचतच नाही. तीन तारांची वायर, बॉडीला लगसह (वायरीच्या टोकाला बसवलेल्या कडीसह) बोल्टने घट्ट केलेला अर्थ आणि मागे आरसीसीबी, एवढ्या तीन गोष्टींचे काम पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाकडून करून घ्यावे. त्याच्या स्वतःच्या घरातला कूलर तो त्याच आठवड्यात दुरुस्त करील.

आरसीसीबी बसवलेला असतो, पण पुष्कळ ठिकाणी तो वळसा घालून निकामी केलेला असतो. कारण इन्व्हर्टर. भारनियमनामुळे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक पक्क्या घरात इन्व्हर्टर आला. त्याच्या आउटपुटवरचे दिवे-पंखे फेज इन्व्हर्टरकडून घेतात आणि न्यूट्रल मात्र जुन्या, एकत्र बांधलेल्या न्यूट्रलमधून परत जातो. आरसीसीबीला गेलेला आणि आलेला करंट सारखा दिसत नाही, तो पडतो. वायरमन म्हणतो आरसीसीबी खराब आहे, आणि थेट जोडून टाकतो. दोष यंत्राचा नसतो. इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल वेगळा ओढायला हवा, त्याच्या स्वतःच्या बारवर, आणि शक्यतो त्याला स्वतःचा आरसीसीबी द्यायला हवा. पाइप टाकतानाच हे ठरवले तर एक जास्तीची वायर लागते. नंतर करायचे तर भिंत फोडावी लागते. वायफायवर चालणाऱ्या स्विचचेही तसेच. बहुतेकांना बोर्डातच न्यूट्रल लागतो. जुन्या बोर्डात फक्त फेज येते आणि दिव्याकडे जाते, न्यूट्रल नसतोच. मग कोणीतरी अर्थ हाच न्यूट्रल म्हणून वापरतो. स्विच चालतो, मोबाइलवरून दिवा लागतो, ग्राहक खूश. पण आता त्या सर्किटच्या अर्थमधून सतत करंट वाहतो आहे, आणि अर्थची वायर कुठे तुटली तर तिच्यावरच्या सगळ्या बॉड्या फेजवर जातात.

उन्हाचा हिशेब तर शिकवलाच जात नाही. भिंतीतल्या पाइपातून एकच सर्किट नेले तर अडीच चौरस मिलिमीटरच्या पीव्हीसी वायरीला ३० अंश तापमानाला सुमारे २४ अँपिअर धरतात. सभोवतालचे तापमान ४५ अंश झाले की ही क्षमता ०.७९ पट होते, ५० अंशाला ०.७१ पट. जळगाव-भुसावळचा मे महिना आणि वरच्या मजल्याचा उघडा स्लॅब धरला तर ५० अंश हा काही अतिरेकी आकडा नाही. म्हणजे २४ चे १७ झाले. त्याच पाइपात दुसरे सर्किट घातले की ०.८ पट, म्हणजे साडेतेरा. आणि डीबीत एमसीबी असतो २० चा! वायर तापते, इन्सुलेशन कडक होते, एमसीबीला काहीच जाणवत नाही, आणि चार-पाच उन्हाळ्यांनी 'शॉर्टसर्किट' होते. उपाय महागडा नाही. एसी आणि गिझरला चारची वायर, स्वतंत्र पाइप, आणि तो पाइप वरच्या स्लॅबमधून न नेता भिंतीतून न्यायचा. चारच्या वायरीची क्षमता ५० अंशालाही २२ अँपिअरच्या वर राहते, म्हणून तिला २० चा एमसीबी शोभतो.

आता बारीक तारांकडे.

कॅमेऱ्याची तक्रार सगळीकडे एकच असते: दिवसा चालतो, रात्री बंद पडतो. लोक कॅमेरा बदलतात. बहुतेकदा दोष केबलचा असतो. स्वस्त म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नेटवर्क केबल ओढलेली असते. तिचा रेझिस्टन्स शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, ऐंशी मीटरवर व्होल्टेज खाली येते, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि हे रात्रभर चालते. केबल ओळखायची सोपी खूण: टोक चाकूने खरवडले की आत पांढरे दिसते. शिवाय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरच्या पुढे जायचे नाही, आणि कनेक्टर बसवताना तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नाही. मुले सोयीसाठी दोन इंच उकलतात. कनेक्टरजवळचा दिवा लुकलुकतो, डेटाचा वेग मात्र पडतो. पॉवरच्या वायरीपासून ही केबल वेगळ्या पाइपात न्यावी आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडावी.

मीटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे यंत्र), एसीचे कंट्रोलर, जनरेटर, सोलर इन्व्हर्टर यांना एकमेकांशी बोलायला लावणारी आरएस-४८५ ही दोन तारांची लाइन. एमआयडीसीतल्या कारखान्यांत आणि मोठ्या दवाखान्यांत तिची गरज रोज पडते आणि तिचा माणूस नाशिक-पुण्याहून मागवावा लागतो. वास्तविक इलेक्ट्रिशियनला ती एका आठवड्यात येईल. ती एका उपकरणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळेसारखी जाते. लाइटिंगच्या सवयीने वायरमन मधून फाटे काढतो, आणि लाइन कधी बोलते, कधी गप्प बसते. दोन्ही टोकांना १२० ओमचा रेझिस्टर लागतो. सगळा पुरवठा बंद करून लाइनच्या ए आणि बी या दोन तारांमध्ये साधा मल्टिमीटर लावा. साठच्या आसपास आकडा आला तर दोन्ही टोके ठीक आहेत. १२० आला तर एक रेझिस्टर नाही. ४० आला तर मध्येच कोणीतरी तिसरा चालू ठेवला आहे. दहा सेकंदांत कळते. पुढचे दोष पत्त्यांचे. बहुतेक नवी उपकरणे कारखान्यातून पत्ता १ घेऊनच येतात. दोघांचा पत्ता सारखा राहिला की दोघे एकदम उत्तर देतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून एकेक उपकरण जोडायचे, पत्ता द्यायचा, वाचून पाहायचे, मगच पुढचे. काही कंपन्यांची ए-बीची नावे उलटी असतात, तेव्हा नावावर न जाता एकदा अदलाबदल करून पाहावी. केबलवरच्या शील्डची जाळी एकाच टोकाला अर्थ करावी.

फायर अलार्ममधली एक चूक मात्र माणसांच्या जिवावर येणारी आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. साध्या झोन-पॅनेलमध्ये (धूर ओळखणारे डिटेक्टर गटागटाने एका लाइनवर जोडलेले असतात तिथे) लाइनच्या अगदी शेवटच्या डिटेक्टरवर एक छोटा रेझिस्टर लावायचा असतो. पॅनेल त्यातून अगदी थोडा करंट सतत सोडत राहते. लाइन तुटली की करंट थांबतो आणि पॅनेल फॉल्ट दाखवते. घाईतला माणूस शेवटच्या डिटेक्टरपर्यंत शिडी लावायचा कंटाळा करतो आणि तो रेझिस्टर पॅनेलमध्येच, टर्मिनलवर लावून टाकतो. हिरवा दिवा लागतो, काम पास होते. पुढे छतावरची लाइन उंदराने कुरतडली, प्लंबरने तोडली, तरी पॅनेल हिरवेच राहते. फाटा काढलेल्या डिटेक्टरचेही तेच, पॅनेलला तो दिसतच नाही. तपासणी एका मिनिटाची: कोणताही डिटेक्टर बेसमधून फिरवून काढा, पॅनेलने फॉल्ट दाखवलाच पाहिजे. २०२१ मध्ये भंडारा आणि अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयांतल्या आगींनंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्नी आणि विद्युत तपासणीचे आदेश निघाले. अशी तपासणी करायची तर हे एवढे माहीत असलेली माणसे तालुक्याच्या गावी हवीत.

आणि केळी. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात पिकवणीची चेंबर वाढत आहेत. आत १६ ते १८ अंश तापमान, नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, सुरुवातीला १०० पीपीएमच्या आसपास इथिलीन (केळी पिकवणारा वायू), आणि कार्बन डायऑक्साइड साचू नये म्हणून वेळोवेळी हवा बदलणे, असा हा सगळा खेळ सेन्सरवर चालतो. तापमानाचा सेन्सर बहुधा पीटी-१०० असतो. त्याचा रेझिस्टन्स एका अंशाला ०.३८५ ओम बदलतो. त्याला तीन तारा असतात, आणि तिसरी तार केबलचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करण्यासाठीच असते. घरात दोनच तारांची वायर पडून आहे म्हणून कोणी तिसरी सोडून देतो आणि कंट्रोलरवर दोन टर्मिनल शॉर्ट करतो. आता सेन्सर आणि पॅनेलमध्ये ३० मीटर अंतर असेल, वायर एक चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबे झाले, सुमारे १.१ ओम. भागिले ०.३८५, म्हणजे जवळजवळ ३ अंश. कंट्रोलर खऱ्यापेक्षा ३ अंश जास्त वाचतो. मालकाने १६ लावले आहेत, पडद्यावर १६ दिसते, आणि आत केळी १३ अंशांवर बसली आहेत. त्याखाली केळीला थंडी बाधते, साल काळपट-करडी पडते, पिवळा रंग चढत नाही आणि बाजारात भाव पडतो. दोष गॅसला, व्यापाऱ्याला, वाणाला दिला जातो. तिसरी तार जोडली असती तर हे टळले असते.

त्याच चेंबरमध्ये दुसरा दोष पाण्याचा. आतली थंड दमट हवा आणि बाहेरची गरम हवा पाइपात भेटतात, पाइपात पाणी धरते आणि उतरत उतरत पॅनेलमध्ये येते. चेंबरमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाइपाचे तोंड सीलंटने बंद करावे, केबल पॅनेलमध्ये खालून आणि ग्लँडमधून (केबल घट्ट धरून भोक बंद करणाऱ्या कडीतून) घ्यावी, वरून कधीच नाही.

सोलरबद्दल थोडेच सांगतो. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान असल्याने छतांवर पॅनेल झपाट्याने येत आहेत. सहा पॅनेलची माळ ३०० व्होल्टच्या आसपास डीसी देते. एसी विजेची ठिणगी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन विझते, डीसीची विझत नाही. म्हणून डीसी बाजूला एसीचा एमसीबी चालत नाही आणि कनेक्टर पक्कडीने दाबून बसवणे म्हणजे उन्हात आग ठेवणे आहे. क्रिंपिंगचे (कनेक्टर दाबून बसवण्याचे) योग्य हत्यार आणि एकाच कंपनीचे नर-मादी कनेक्टर, एवढे तरी हातात पक्के बसवावे.

हे सगळे आयटीआयत बसवायला नवा ट्रेड काढावा लागेल, असे कोणी म्हणेल. एक वर्षाचे वेगळे अभ्यासक्रम आहेतही, आणि ते असू द्यावेत. पण इमारतीत आधी जातो तो इलेक्ट्रिशियन, भिंतीला झिरी मारतो तो इलेक्ट्रिशियन. त्याला हे येत नसेल तर मागाहून येणारा तज्ज्ञ चुकीच्या पाइपात बरोबर केबल ओढत बसतो. वर्षाच्या १२०० तासांत ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत, शिवाय दरवर्षी १५० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी देण्याची तरतूद आहे. वेळ आहे. प्रश्न त्या वेळात फळीवर दिव्याची तीच ती जोडणी पुन्हा पुन्हा करून घ्यायची, की भिंत उभी करायची, हा आहे.

वीस मुलांच्या तुकडीसाठी पाच कोपरे बांधावेत, चौघांना एक. प्रत्येक कोपरा खऱ्या विटांचा, दोन भिंती, वर स्लॅबऐवजी सिमेंटची फळी. मुलांनी स्वतः झिरी मारावी, २५ मिलिमीटरचा पाइप बसवावा, प्लास्टर करू द्यावे, मग वायर ओढावी. प्लायवूडच्या फळीवर वायर ओढताना सोलली जात नाही, विटांच्या भिंतीत जाते, आणि मेगर का लागतो ते तिथेच कळते. कोपऱ्यात आठ-वे डीबी, एक आरसीसीबी, तीन-चार एमसीबी, इन्व्हर्टरचे वेगळे सर्किट, एक कूलर, तीन आरएस-४८५ मीटर, एक तापमान कंट्रोलर आणि तीस मीटर लांबीवर पीटी-१००. दोन झोनचे एक फायर पॅनेल आणि आठ पोर्टचा एक नेटवर्क स्विच दोन कॅमेऱ्यांसह सगळ्या तुकडीत फिरता ठेवला तरी पुरे. मेगर मात्र प्रत्येक कोपऱ्याला स्वतंत्र हवा. अर्थ टेस्टर आणि आरसीसीबी टेस्टर तुकडीला एकेक. कपाटात कुलूपबंद ठेवलेले मेगर आम्ही यात धरत नाही. आणि वायरीच्या टोकांना बसवायच्या फेरूल, लग, क्रिंपिंगची हत्यारे, टॉर्क स्क्रूड्रायव्हर. बारीक तारांच्या वायरीतल्या निम्म्या तारा कापून ती टर्मिनलमध्ये कोंबणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि जळालेल्या डीबींत तिचा मोठा वाटा असतो.

भिंत झाली की खरे शिक्षण सुरू होते: निदेशकाने रात्री त्यात दोष घालून ठेवावेत. एका सॉकेटचा अर्थ सोडावा, दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र करावेत, ए-बी उलटे करावेत, शेवटचा रेझिस्टर पॅनेलमध्ये आणून लावावा, पीटी-१००ची तिसरी तार काढावी. सकाळी चौघांनी तासाभरात दोष शोधायचा आणि काय मोजले, किती आले, म्हणून काय ठरवले, हे तीन रकान्यांत लिहायचे. त्या कागदावर सह्या हव्यात. वर्षाअखेरीस अशा चाळीस कागदांची फाइल ज्याच्याकडे असेल त्याला कोणताही ठेकेदार दारातून परत पाठवणार नाही. वायरमन परवान्याच्या परीक्षेतही जोडणीबरोबर एक दोष शोधायला लावावा.

निदेशकांना दोष देऊन चालणार नाही. रिक्त जागा, जुनी यंत्रे, एकाच माणसाकडे दोन तुकड्या, अशा स्थितीत ते शिकवतात. त्यांना उन्हाळी सुट्टीत पंधरा दिवस एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या किंवा कारखान्याच्या देखभाल विभागात पाठवावे, आणि तो काळ कामाचा धरावा. भाषेचाही विचार व्हावा. मुलांची बोली अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी, पुस्तक मराठी, उपकरणाबरोबर येणारे माहितीपत्रक इंग्रजी. ते माहितीपत्रक वाचून त्यातला टर्मिनलचा नकाशा, पत्ता बदलण्याची पद्धत आणि कमाल करंट एवढे तीन शोधता येणे, हा स्वतंत्र सरावाचा विषय करावा. रोज एक पान पुरते.

शिकाऊ उमेदवारीतही दुरुस्ती हवी. ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसे असतील तर ऐच्छिक. खान्देशातले इमारतींची कामे करणारे बहुतेक ठेकेदार तीन-चार माणसांचे आहेत, त्यामुळे मुले महावितरणमध्ये नाहीतर कारखान्यात जातात आणि इमारतीचे काम शिकायचे राहूनच जाते. तालुक्यातल्या पाच-सहा ठेकेदारांनी मिळून, आयटीआयच्या देखरेखीखाली, चार-चार महिन्यांच्या फेरीने उमेदवार घ्यावेत, आणि त्यात एक फेरी फक्त कॅमेरा, फायर अलार्म आणि कंट्रोलर यांच्या कामावर असावी, अशी व्यवस्था व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने करून द्यावी.

सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते. विटा, वाळू आणि पाइप एवढ्याला मोठ्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या महिन्यात मुलांनीच कोपरे बांधले, दिवाळीपर्यंत वायर ओढली, तर जमीन कोरडी होऊन भेगा पडू लागतील तोवर अर्थ टेस्टर घेऊन आवारातला स्वतःच्या संस्थेचाच अर्थिंगचा खड्डा मोजण्याइतकी ती तयार असतील. तो आकडा संस्थेच्या दारावर लिहून ठेवावा, आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा मोजावा.

आपले,
विद्युत कामातील काही पर्यवेक्षक आणि प्रशिक्षक
जळगाव–धुळे